खोली नंबर सात, पावतीसह

वसमतहून पहाटे निघाले,
सांगलीत दिवेलागणीला पोचायचं होतं.
जतच्या अलीकडे टायर बसला
आणि स्टँडवर उतरले तेव्हा घड्याळात अकरा वीस,
किंवा ते बंदच असेल, कोण जाणे.

पिशवीत दोन किलो दळलेली हळद, नमुन्याची.
हळदीच्या पोटात, प्लास्टिकमध्ये, गटाचे तीन हजार.
चोर पिशवी उघडेल, पण हळदीत हात घालणार नाही,
पिवळा हात दोन दिवस लपत नाही :
हे डोकं मथुरामावशीचं.
वहीत ठराव : मुक्काम चारशेपर्यंत. पावती आणणे.

पहिल्या लॉजवर पोरगं
मोबाईलमधून मान न काढता म्हणालं,
"सिंगल लेडीज देत नाही."
दुसऱ्या ठिकाणी खोली होती. सहाशे म्हणाला,
आणि भाडं सांगून झाल्यावरही
माझ्याकडे बघतच राहिला.
"भाऊ येतोय मागून, त्याला विचारते," म्हटलं.
भाऊ मला नाहीच.
परगावी असा एखादा जवळ ठेवावा,
सुट्ट्या पैशांसारखा.

रिक्षावाला म्हणाला, ओळखीचं हाय, स्वस्तात.
मी नाही म्हटलं. बिचारा खरं बोलत असेलही.

मग परत स्टँडवर.
बाथरूमच्या दाराशी बसणारी बाई,
पुढ्यात नाण्यांची वाटी, पायाशी शेगडी विझलेली.
अशा बाईला ठाऊक असतं
रात्री कोण कुठे गेलं
आणि सकाळी तोंड धुवायला कसं आलं.
"मगदूमांकडं जावा. जिना रस्त्यावरनंच हाय,
वर दिवा असतोय रातभर.
माझं नाव मात्र घेऊ नगा,
आमचं बोलणं नाही तीन वर्सं."

मगदूमांनी आधार कार्ड चष्म्याजवळ नेलं.
द्वारका. मग गाव. मग पुन्हा द्वारका.
भिंतीवर त्यांच्या खांद्याच्याही वर एक तपकिरी रेघ :
"एकोणीसचं पाणी. रेघेच्या खालची खोली तीनशे,
वरची साडेचारशे."
मी म्हटलं, वरची, पण चारशेत.
त्यांनी नोट घेतली, नाकाशी नेली,
काही विचारलं नाही. पावती फाडली.
पावतीवरही बोटाचा पिवळा ठसा.

खोली नंबर सात. खिडकीला गज.
वरची कडी लावली, खालची हलत होती.
कडीवर स्टीलचा पेला पालथा ठेवला
म्हणजे कोणी ढकललं तर आधी तो बोलेल.
मुलीला फोन : हो, चांगली आहे. हो, जेवले.
(राजगिऱ्याचे दोन लाडू.)

कपाटात पिशवी ठेवायला गेले
तर आतल्या फळीवर पेन्सिलीने, बॉलपेनने,
एका ठिकाणी लिपस्टिकने :

खालच्या कडीवर भरवसा नको. शबाना, इचलकरंजी
गीझर चालत नाही, साडेपाचला बादली सांगा
म्हातारा खडूस आहे पण दार वाजवत नाही
पेपर बरा गेला
रात्री दोनला धाडधाड आवाज येतो, तो दुधाचा टेम्पो

हे शेवटचं वाचूनही
दोन वाजता मी उठून बसलेच.
पेला थरथरला, पडला नाही.
खाली कॅन उतरत होते.
भिंतीला टेकून ऐकत राहिले
आणि मोजले, उगाच. एकोणीस.
मग झोप लागली ती अशी
की बादली सांगायची राहिली.

सकाळी थंड पाण्याने तोंड धुतलं.
लिहायला काही नव्हतं.
पेन राहिलं होतं बसमध्ये, खिडकीच्या फटीत.
ओलं बोट पिशवीत घातलं
आणि फळीवर उरलेल्या जागेत, मोठ्या अक्षरात :
स्टँडच्या बाथरूमवाल्या बाईला विचारा.
थोडा विचार करून खाली :
तिचं नाव सांगू नका.

पेठेत व्यापाऱ्याने नमुना काट्यावर टाकला.
"ताई, दोन किलोला पाच ग्रॅम कमी भरतंय."
असेल, म्हटलं.
दराचं बोला.